मायची ढोली

माझी माय कधी शाळेत गेली नाही. आमच्या सालेकसा भागातल्या इतर बायांसारखी तीही आषाढात रोवणीला, चैत्रात मोहफुलं वेचायला आणि भर उन्हाळ्यात तेंदूपाला तोडायला जायची. मोहफुलं पहाटे गळतात, म्हणून अंधारातच टोपली घेऊन निघे. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा. गोंदिया वेगळा झाला १९९९ साली.

एका वर्षी पाऊस मध्येच दडला. बांधीला भेगा पडल्या, रोवलेलं धान वाळलं. घरात खायची टंचाई. पण बियाण्याची ढोली मायनं शेणमातीनं लिंपून ठेवली होती. एका रात्री मी लिंपण फोडून ओंजळभर धान काढलं. तिनं पाहिलं. मला वाटलं, आता धपाटा बसतो. तिनं उकडलेली मोहफुलं माझ्यापुढं ठेवली, आपण नुसती पेज प्याली आणि सांडलेला दाणा न् दाणा वेचून परत ढोलीत घातला.

पुढच्या आषाढात त्याच बियाण्याचे पऱ्हे आम्ही रोवले.

माझ्या पोरांना ती ही गोष्ट पुष्कळदा सांगे. चोर कोण, ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही. ती गेल्यावर, तेरवीच्या रात्री मीच सांगितलं. धाकटीनं विचारलं, "आजीनं मारलं नाही?"

"नाही," म्हटलं.