मात्सुएची सकाळ

जपानच्या पश्चिम भागात, शिंजी सरोवराच्या काठी मात्सुए हे जुने नगर वसले आहे. १८९० च्या ऑगस्टमध्ये तेथे चाळिशीचे एक गृहस्थ इंग्रजीचे शिक्षक म्हणून दाखल झाले. त्यांचे नाव लाफ्काडिओ हर्न. जन्म ग्रीसमधील बेटावर, बालपण आयर्लंडात, उमेदीची वर्षे अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत. आईवडिलांचा सहवास लहानपणीच सुटलेला. शाळेत असताना डावा डोळा गेला होता आणि उजवाही अधू होता. अशा माणसाला परमुलखात सुख कोठून लाभावे?

ते त्यांना प्रथम कानावाटे लाभले. पहाटे भात कांडणाऱ्या मुसळाचे जड ठोके जमिनीतून उशीपर्यंत पोचत. मग झेन मंदिराची घंटा घुमे. पाठोपाठ भाजीवाल्यांच्या आणि शेगडी पेटवण्याच्या काटक्या विकणाऱ्या बायांच्या आरोळ्या येत. नदीच्या पायऱ्यांवर लोक तोंड धुऊन उगवत्या सूर्यासमोर टाळ्या वाजवत. दिवस वर आला की पुलावर लाकडी खडावांचा खडखडाट सुरू होई. गावकऱ्यांच्या लेखी हे नित्याचे होते. हर्न यांनी १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते प्रेमाने नोंदवून ठेवले.

शाळेतील मुलांनी दुसरे सुख दिले. ती घरी येत, कधी फुले आणत, कधी घराण्यात जपलेली एखादी वस्तू दाखवत. भाषा पुरेशी येत नसली तरी सोबत पुरत असे. याच नगरात सेत्सु कोइझुमी यांच्याशी त्यांचा संसार सुरू झाला.

१८९१ च्या उन्हाळ्यात ते किल्ल्याच्या खंदकाजवळील एका जुन्या सामुराई घरात राहावयास गेले. खोलीच्या तिन्ही अंगांना बाग होती. शाळेतून परतल्यावर साधा जपानी पोशाख चढवून बागेकडे पाहत बसणे, ही त्यांची विश्रांती. बागेत साप निघे. त्याने बेडूक खाऊ नयेत म्हणून हर्न आपल्या ताटातले काही त्याच्यासाठी बाहेर ठेवीत, अशी आठवण सेत्सुबाईंनी सांगितली आहे. एकदा मुले मांजराच्या पिलाला पाण्यात बुचकळत होती. बाईंनी ते सोडवून आणले, तेव्हा हर्न यांनी ते ओलेचिंब पिलू छातीशी कपड्यात घेऊन ऊब दिली.

मात्सुएची थंडी मात्र त्यांना सोसवली नाही. सव्वा वर्षातच त्यांनी नगर सोडले. पुढे ते जपानचे नागरिक झाले, कोइझुमी याकुमो हे नाव त्यांनी घेतले आणि तोक्योच्या विद्यापीठात शिकवले.

तोक्योच्या घरात एका इवल्या पिंजऱ्यात त्यांनी गाणारा किडा पाळला होता. बाजारात त्याची किंमत बारा सेन. वजनाच्या मानाने तो सोन्याहूनही महाग, असा हिशेब त्यांनीच मांडला आहे. त्याचा आहार म्हणजे रोज वांग्याची किंवा काकडीची एक चकती. संध्याकाळी त्याच्या नाजूक स्वराने सारी खोली भरून जाई. पुढे घरच्या माणसांकडून त्याला खाणे देण्यात हयगय झाली आणि हर्न आपल्या लेखनात बुडालेले राहिले. भुकेने त्या जिवाने स्वतःचे पाय खाल्ले आणि तरीही तो शेवटपर्यंत गात राहिला. आपण गाणे ऐकले, पण गाणाऱ्याकडे पाहिले नाही, ही बोचणी त्यांनी लपवली नाही. लेख लिहून ती जगापुढे ठेवली.

परदेशी गेलेल्या मुलाबाळांना पत्रातून आपण 'सुखी आहेस ना?' असे विचारतो. सुख बहुधा शेजारच्या पहाटेतच असते. मात्र ते ज्यांच्याकडून मिळते, त्यांची विचारपूसही रोजची असावी लागते. हर्न यांचे मात्सुएचे घर आजही तेथे जपलेले आहे. त्याच्या बागेपुढे बसता येते.