तारीख जवळ येते तेव्हा

भाद्रपद वद्य चतुर्दशीस आपल्याकडे घातचतुर्दशी म्हणतात. शस्त्राने मृत्यू आलेल्यांचे श्राद्ध त्या तिथीस करण्याची रूढी आहे. ज्या घरातील मुलगा रणात पडला, त्या घराला ही तिथी तर असतेच, शिवाय इंग्रजी तारीखही असते. १८ सप्टेंबर २०१६ रोजी उरीच्या हल्ल्यात नांदगाव खंडेश्वरचे पंजाब उईके गेले. पुढल्याच वर्षी शोपियान येथे अकोला जिल्ह्यातील लोणाग्र्याचे सुमेध गवई. वऱ्हाडाला हे दिवस परके नाहीत.

एका दिवंगत अधिकाऱ्याचे वयोवृद्ध वडील माझ्याकडे उपचार घेतात. एरवी औषधांनी आटोक्यात असणारा त्यांचा रक्तदाब त्या तारखेच्या आठ-दहा दिवस आधीपासून चढू लागतो. झोप उडते, जेवण कमी होते, गोळी घेतली की नाही हे आठवत नाही. तारीख सरली की सारे पूर्ववत होते. हे दुखणे मनाचे असले तरी ते शरीरावर उमटते. त्याला नाटक म्हणू नये.

त्यांच्या सूनबाईंनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, बाबांसमोर भाऊजींचा फोटो काढून ठेवू का?" मी नको म्हटले. आपल्या घरांत एक समजूत आहे, की नाव काढले नाही तर म्हाताऱ्या माणसाला रडू येणार नाही. वस्तुतः आईबाप त्या नावाशिवाय एक दिवसही राहिलेले नसतात. आपण बोलत नाही, एवढाच फरक पडतो. मग ते आपल्यासाठी गप्प राहतात आणि आपण त्यांच्यासाठी.

कॅप्टन विनायक गोरे २६ सप्टेंबर १९९५ रोजी काश्मीरमध्ये कुपवाडा भागात हुतात्मा झाले. मुंबईत विलेपार्ले येथील उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या मातोश्री अनुराधा गोरे यांनी मुलाचे नाव तर मिटू दिले नाहीच, उलट इतर वीरांच्या कथाही लिहिल्या आणि विद्यार्थ्यांना सांगितल्या. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी गेले. त्यांच्या पत्नी स्वाती २०१७ साली स्वतः लेफ्टनंट झाल्या. ही उदाहरणे आदरणीय आहेत, पण घरच्या वृद्धांना ती मापदंड म्हणून ऐकवू नका. भाषण करणे, पुस्तक लिहिणे प्रत्येकाला जमत नाही. एखाद्या आईला मुलाच्या आवडीची भाकरी-पिठले करून शेजारच्या पोराला जेवू घालणे एवढेच सुचते, आणि तेही पुरेसे असते. समारंभाचे मात्र विचारूनच ठरवावे. हार, ध्वनिक्षेपक आणि उन्हातील दोन तासांची खुर्ची सर्वांनाच मानवत नाही.

काही गोष्टी मात्र वैद्याच्याच आहेत. तीव्र धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगून दुबळा होऊ शकतो. जपानी डॉक्टरांनी या विकाराला 'ताकोत्सुबो' असे नाव दिले. ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्याचे ते नाव. उतारवयातील स्त्रियांत तो अधिक आढळतो. म्हणून अशा दिवशी आईच्या छातीत दुखले किंवा धाप लागली, तर 'दुःखाने होतंय' म्हणून थांबू नका, लगेच ईसीजी काढून घ्या. तसेच शोक ६ महिन्यांहून अधिक काळ तितकाच तीव्र राहिला, स्नान-जेवणही सुटू लागले, जगण्याची इच्छा नाही असे शब्द येऊ लागले, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो.

तारखेच्या आदल्या आठवड्यात गोळ्यांची डबी स्वतः भरा, रक्तदाब दोनदा मोजा, आणि त्या दिवशी घरात कोणीतरी थांबा. बाबांनी पेटी काढून गणवेश उलगडला तर शेजारी बसा. डांबराच्या गोळ्यांचा वास दमेकऱ्याला सोसत नाही, तेवढी खिडकी उघडी ठेवा.