नाताळचें ताट

नाताळचीं इंग्रजी गाणीं ऐकत ऐकत आम्हीं पन्नाशी ओलांडली; पण त्यांतलीं कितीतरी ज्यू मंडळींनीं रचलीं आहेत, हें आमच्या एका बेने इस्राएल मित्रांनीं सांगेपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हतें. ‘व्हाइट ख्रिसमस’ हें अर्व्हिंग बर्लिनचें. १९२८ सालीं ऐन नाताळच्या दिवशीं त्याचें तान्हें मूल दगावलें होतें. ‘लेट इट स्नो’ हें हिमवर्षावाचें गाणें तर सॅमी कान व ज्यूल स्टाइन या जोडीनें १९४५ च्या जुलैंत, हॉलिवूडच्या उकाड्यांत रचलें! पुढें १९६३ सालीं अ‍ॅलन शर्मननें नाताळच्या बारा दिवसांच्या जुन्या गाण्याचें विडंबन केलें आणि पहिल्याच दिवशीं जपानी ट्रान्झिस्टर भेट दिला. सगळें शहर बंद आणि सण तर आपला नव्हे. तेव्हां चिनी खाणावळींत जेवावें, सिनेमा पाहावा, थट्टा करावी, असा अमेरिकेंतील पुष्कळ ज्यूंचा परिपाठच पडून गेला.

आमच्या मित्रांना ही थट्टा आवडते, पण तिची गरज त्यांना कधीं पडली नाहीं. त्यांचे पूर्वज कोंकणांतले, शनिवारीं घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’. परक्याचा सण म्हणजे शेजारून येणारें ताट, एवढाच हिशेब त्यांच्या घरीं चालत आला. नाताळच्या सकाळीं आम्ही त्यांच्यासमवेत गोवंडीहून देवनारच्या गांवठाणांत एका ख्रिस्ती स्नेह्यांकडे जातों. तेथें मित्र करंज्या खातात, मांसाच्या ताटास दुरूनच हात जोडतात, आणि आग्रह झाला कीं स्वतः रचलेलें गाणें भजनाच्या चालीवर म्हणतात. त्यांत सांताक्लॉज कल्याणहून लोकलनें निघतो. कुर्ल्यास गाडी बदलतांना त्याची गोणी आंतच राहते, ती परस्पर बोरीबंदरास जाते, आणि गोवंडीस तो उतरतो केवळ दाढीनिशीं. आमच्या मतें हें शर्मनच्या गाण्याहून सरस आहे. अर्थात् आमचें मत शेजारधर्मानें दूषित असणारच.

२०२४ सालीं २५ डिसेंबरच्याच संध्याकाळीं हनुक्काचा पहिला दिवा लागला. मित्रांच्या खिडकींत तो तेवत होता. इतक्यांत इस्राएलमधून मुलाचा फोन आला. तिकडे तो कामाचा वार. कारखान्यांतूनच बोलत होता.

“बाबा, गांवठाणांतून ताट आलें का?”

“आलें.”

“करंज्या किती आहेत?”

मित्र उठले, आंत गेले, आणि बऱ्याच वेळानें परत येऊन म्हणाले, “अकरा.”