मोठ्यांच्या ओपीडीत

आमच्या मॅडम लहान मुलांच्या डॉक्टर. एक दिवस मी त्यांच्याकडून जाणार, हे त्यांनी मी बारा वर्षांची असतानाच धरून ठेवलं होतं, आणि पुढची सहा वर्षं त्या माझ्याकडून त्याचीच तयारी करून घेत होत्या. मला तेव्हा एवढंच वाटायचं, की या बाई फार खोदून खोदून विचारतात.

मला नवव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट करते. गोड खाण्याशी याचा संबंध नाही आणि गोळ्यांनी भागत नाही. इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागतं, रोज, जन्मभर. जानेवारी १९२२मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते दिलं गेलं आणि तो मरणाच्या दारातून परतला. त्याच वर्षी उपचार सुरू झालेली एलिझाबेथ ह्यूज १९८१पर्यंत जगली. त्याआधी अशी मुलं मोठी होतच नसत, त्यामुळे मोठी झाल्यावर त्यांनी कुठे जायचं, हा प्रश्नही नव्हता. तो प्रश्न इन्सुलिनमुळे आला आणि शंभर वर्षांनंतरही बऱ्याच ठिकाणी त्याचं उत्तर एका चिठ्ठीत उरकतात: 'आता मोठ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.'

चिठ्ठी ज्या वयात मिळते, ते वयच अवघड असतं. वयात येताना हार्मोन्समुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. त्यात बारावी, सीईटी, मग हॉस्टेल आणि मेसचं जेवण. डबा, डोस, तपासण्यांच्या तारखा सांभाळणारी आई दोनशे किलोमीटरवर राहते. आणि नेमका तेव्हाच डॉक्टरही बदलतो.

आम्ही सांगलीचे, मॅडमची ओपीडी मिरजेला. मी बारा वर्षांची झाल्यावर त्यांनी आईला सांगितलं, "काकू, आजपासून मी हिला विचारणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही." आईला ते जड गेलं. मला इन्सुलिनची नावंही नीट सांगता येत नव्हती आणि तिला तर मागच्या तीन महिन्यांचे आकडे पाठ होते. चौदाव्या वर्षापासून मॅडम शेवटची दहा मिनिटं आईला बाहेर बसायला सांगू लागल्या. पाळीच्या आधी साखर का चढते, पुढे कधी मूल हवं असेल तर आधीपासून साखर आटोक्यात का लागते, लग्नाचं बघताना आजार लपवायचा सल्ला कुणी दिला तर काय म्हणायचं, हे सगळं मी त्या दहा मिनिटांत ऐकलं. सोळाव्या वर्षापासून अपॉइंटमेंटचा फोन मी करायचा. सतराव्या वर्षी त्यांनी माझ्याकडून स्वतःच्या आजाराचा एका पानाचा गोषवारा लिहून घेतला. चार वेळा परत पाठवला.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर आणि फिजिशियन यांच्या संघटनांनी २०११ साली मिळून जी पद्धत सांगितली, तीही साधारण अशीच आहे: बाराव्या वर्षी विषय काढायचा, चौदाव्या वर्षी आखणी करायची, अठरानंतर सोपवायचं. मॅडमनी ती वाचली होती की नाही, मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलेलं कारण वेगळं होतं. त्यांचा एक पेशंट नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला, वर्षभर कुणालाच दाखवलं नाही, आणि थेट आयसीयूत भरती झाला. तो वाचला. त्यानंतर मॅडमनी एक वही केली. सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाचं नाव त्यात यायचं आणि पुढे वर्षभर दर तीन महिन्यांनी त्या नावापुढे एक खूण.

मी इंजिनिअरिंगला पुण्याला निघाले तेव्हा त्यांनी टेबलावर दोन सिरिंज ठेवल्या, एक लाल टोपणाची, एक केशरी. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं असतं आणि पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत ओढलं, तर अडीचपट डोस जातो. हे त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग पुण्याच्या फिजिशियनना माझ्यासमोर फोन केला, पत्र दिलं आणि म्हणाल्या, "त्यांना दाखवून झालं की मला कळव. नाही कळवलंस तर मी फोन करीन."

पुण्याच्या डॉक्टरांनी पत्र वाचून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "आता तू सांग." माझं पान तयार होतं.

त्याचा खरा उपयोग दुसऱ्या वर्षी झाला. ताप, उलट्या, रात्रीचे अकरा. मैत्रिणीने हॉस्टेलजवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "पोटात काही ठरत नाही ना? मग आज इन्सुलिन घेऊ नकोस." मोठ्यांच्या ओपीडीत रोज दिसतो तो टाइप २, त्या हिशोबाने ते बोलले. टाइप १मध्ये आजारपणात इन्सुलिन पूर्ण थांबवलं, तर काही तासांत रक्तात आम्ल साठू लागतं आणि जीवावर बेतू शकतं. मी म्हटलं, "सर, मला टाइप १ आहे. इन्सुलिन बंद करता येणार नाही. कीटोन तपासाल का?" आवाज कापत होता, पण वाक्य पाठ होतं. त्यांनी तपासलं. मग सलाइन लावली, इन्सुलिनही सुरू ठेवलं.

आमच्या क्षेत्रात प्रोजेक्ट सोडणारा माणूस मागे राहणाऱ्यांना केटी देतो. म्हणजे आपल्याला जे ठाऊक आहे ते सगळं सोपवतो. नोटीस पीरियडच्या शेवटच्या आठवड्यात ते उरकतात आणि पुढे सहा महिने कुणाला काही सापडत नाही. मॅडमनी त्याच कामाला सहा वर्षं दिली. त्यांच्या दारी रोज गर्दी असायची. त्या दहा मिनिटांची, त्या फोनांची बिलात कुठे ओळ नव्हती, आणि एवढं करून शेवटी त्यांचा एक पेशंट कमीच होणार होता.

ठरल्याप्रमाणे वर्षभर त्यांचे फोन आले. माझ्याशी बोलणं पाच मिनिटांत संपायचं. त्याच दिवशी त्या आईलाही फोन करायच्या, हे मला फार उशिरा कळलं. नवव्या वर्षापासून आई पहाटे तीनचा गजर लावून माझी साखर बघायची. मी पुण्याला गेल्यावरही तो वाजत राहिला. ती उठायची, फोन हातात घ्यायची आणि न करता परत ठेवायची. मॅडम तिला माझी साखर विचारत नसत. त्या विचारायच्या, "काकू, झोप लागते का?"

गजर तिने कधी बंद केला, हे मी अजून विचारलेलं नाही.