उजवीकडून डावीकडे

माझी पहिली गंगा उलटी वाहिली. आणि ते पकडलं आजोबांनी, ज्यांनी कॉम्प्युटरला कधी बोटही लावलं नव्हतं.

आमचं घर ब्रह्माघाटाच्या गल्लीत. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा हा काशीतला जुन्या मराठी घरांचा पट्टा. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बनारसी. कॉम्प्युटर उंबऱ्याबाहेरच भेटला, 1996 मध्ये, लहुराबीरच्या एका सेंटरवर. तासाचे पैसे भरून 'सी' शिकायला बसायचं आणि सर चहाला गेले की 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लावायचा. राजकन्येला सोडवायला त्यात साठच मिनिटं मिळतात. आमचा तासही तेवढाच, आणि त्यात बत्ती गुल व्हायची ती वेगळीच. जॉर्डन मेक्नरने धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या, हे पुष्कळ नंतर वाचलं. तेव्हा एवढंच वाटायचं, की या पडद्यावर आपणही काहीतरी हलवून दाखवावं.

त्यासाठी टर्बो सी होतं. निळा पडदा, पिवळी अक्षरं. ग्राफिक्स हवं तर इनिटग्राफ या फंक्शनला बीजीआय, म्हणजे ग्राफिक्सच्या सामानाच्या, फोल्डरचा पत्ता द्यायचा, आणि पत्त्यातली तिरकी रेघ दोनदा मारायची. एकदाच मारली की 'ग्राफिक्स नॉट इनिशिअलाइज्ड' असं बजावून मशीन हात वर करायचं. हे सगळं कळलं ते यशवंत कानेटकरांच्या पुस्तकांतून. नागपूरकर भोसल्यांनी काशीत घाट बांधला, पण आम्हाला दुसऱ्याच नागपूरकराच्या पायऱ्या जास्त उपयोगी पडल्या, असं मी म्हणायचो आणि आजी कानांवर हात ठेवायची.

पडद्यावर घाट काढणं सोपं होतं. पायऱ्या म्हणजे आडव्या रेघा. पंचगंगेवरचे कार्तिकातले आकाशदिवे म्हणजे बांबूच्या टोकाला एकेक पिवळा ठिपका. अडलं ते पाण्यापाशी. बीजीआयमध्ये रंग सोळा, आणि प्रत्येक लाट पुसून पुन्हा काढायला गेलं की पडदा नुसता लुकलुकायचा. नदी कसली, बिघडलेली ट्यूबलाइट.

मग पडद्याचा दुसरा मोड, 13एच, सापडला. 320 बाय 200 ठिपके, 256 रंग, ठिपक्याला एक बाइट. म्हणजे 64,000 बाइट्स, ए000 या सेगमेंटपासून ओळीने मांडलेले. गंमत अशी, की त्या बाइटमध्ये रंग नसतोच, रंगाचा क्रमांक असतो. कुठल्या क्रमांकाला कोणता रंग हे वेगळ्या तक्त्यात: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी 0 ते 63. तेव्हा पाण्याचे उभे पट्टे सोळा क्रमांकांनी एकदाच भरायचे आणि मग ठिपक्यांना हातही न लावता तक्त्यातले सोळा रंग एकेक घर सरकवत राहायचे. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस आकडे बदलतात आणि नदी वाहू लागते. पडद्यावरचा एकही ठिपका जागचा हललेला नसतो. डीलक्स पेंटमध्ये ही सोय तयारच मिळायची, हे ठाऊक असतं तर माझा महिना वाचला असता. वाचला नाही ते बरंच.

घरी जुनं 486 मशीन आलं तेव्हा आजोबांना बोलावून दाखवलं. संध्या आटोपून आले, उपरण्याने चष्मा पुसला आणि बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, भारावले.

"ही कुठली नदी रे?"

"गंगा, दादा. आपली."

"छे. काशीची गंगा उत्तरवाहिनी. घाटावरून समोर बघितलंस तर पाणी उजव्या हाताकडून डाव्या हाताला जातं. तू रोज पोहतोस ना?"

रोज पोहत होतो. लूप उलटा फिरवला, दोन ओळींचं काम. "आता ठीक," म्हणाले आणि उठले. पायऱ्या, दिवे यांबद्दल चकार शब्द नाही.

पुढे पेंटियम घेतला आणि त्याच प्रोग्रॅममध्ये नदीला पूर आला. वेग आवरायला मी रिकामा फॉर लूप टाकला होता. जितकं मशीन वेगवान, तितका तो लवकर संपणार. दुरुस्त करायचं म्हणता म्हणता नोकरीसाठी पुण्याला आलो. फ्लॉप्यांवर बुरशी चढली. वाचला तो डॉट मॅट्रिक्सवर काढलेला प्रिंटआउट, दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्यांसकट.

गेल्या पावसाळ्यात तो बघून बघून डॉसबॉक्समध्ये पुन्हा टाइप केला. डॉसबॉक्स म्हणजे जुन्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. त्यात वेग मोकळा सोडलेला होता. पाणी श्रावणातल्यासारखं सुटलं. कंट्रोल धरून एफ11 दाबलं की वेग टप्प्याटप्प्याने उतरतो. कितव्या आकड्याला आमचं 486 होतं, कोण जाणे. दिव्यांकडे बघत दाबत गेलो. पाणी कार्तिकातलं झाल्यावर बोट उचललं.