तांब्यांची बैठक: एक सतरंजीवरची, एक पडद्यावरची

लेख जरा लांबलाय, चहा घेऊनच बसा.

मी ग्वाल्हेरचा, म्हणजे लष्करचा. पुण्याच्या लोकांना लष्कर म्हटलं की कॅम्प आठवतो. आमचं लष्कर वेगळं. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला, तो उठलाच नाही, त्याचंच शहर झालं. सरदारांचे गोट पडले होते ते हिंदीत 'गोठ' झाले. निंबाळकर की गोठ आजही आहे. फाळक्यांचा फालका बाजार झाला. आमची बोलीही तशीच, मराठी नावाला मधे एक 'की' लागलेला.

याच गावात 7 डिसेंबर 1941 ला भास्कर रामचंद्र तांबे गेले. जन्म मुंगावलीचा, 27 ऑक्टोबर 1873, तेही ग्वाल्हेर संस्थानातलंच. आयुष्यभर संस्थानी नोकऱ्यांत मध्य भारत फिरले आणि शेवटी इथले राजकवी झाले. महाराष्ट्रात त्यांना लता मंगेशकरांच्या आवाजातून ओळखतात. वसंत प्रभूंनी चाली दिल्या, हृदयनाथांनी दिल्या, त्या घरोघरी पोचल्या. पण गाणं ऐकणाऱ्या दहांपैकी आठांना कवी ग्वाल्हेरचा, हे माहीत नसतं. बँकेच्या ट्रेनिंगला पुण्याला गेलो की मी हे मुद्दाम विचारत असे.

आता मी काही साहित्यिक नव्हे. बी.कॉम. झालो, 1975 ला बँकेत लागलो, 2011 ला निवृत्त झालो. माधव जूलियनांनी 1935 साली संपादित केलेली तांब्यांची समग्र कविता एका स्नेह्यांच्या घरी चाळायला मिळाली आणि एका गोष्टीने मी अडकलो. बहुतेक कवितांबरोबर राग, ताल, ठिकाण आणि तारीख दिलेली. अगदी व्हाउचरवर असावी तशी! कुठे अजमेर, कुठे देवास आणि कितीतरी ठिकाणी 'लष्कर-ग्वाल्हेर'. आपण ज्या गल्ल्यांतून भाजी आणतो तिथे बसून कोणी हे लिहिलं, ही गोष्ट मला बासष्टाव्या वर्षी कळावी!

2012 पासून आम्ही बैठक सुरू केली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, आळीपाळीने एकेकाच्या घरी. सतरंजी, एक पेटी, एक तबला, चहा, थंडीत गजक. एकाने कविता वाचायची, एकाने म्हणायची, बाकीच्यांनी मधे मधे बोलायचं. संस्था नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष नाही. अध्यक्ष नाही हे मी हट्टाने ठेवलं, कारण अध्यक्ष आला की भाषण येतं. मी फक्त हजेरीची वही ठेवली, जुनी खोड. नातवाने एकदा विचारलं, "आजोबा, तांब्यांची मीटिंग म्हणजे भांड्यांची का?" ते नाव मग बैठकीला चिकटलंच. आज भांडी घासायला कोणाकडे, असंच आम्ही विचारू लागलो.

वही खोटं बोलत नाही. 2012 च्या पहिल्या बैठकीला 23 सह्या आहेत. 2019 च्या शेवटच्या बैठकीला 9. कोणी मुलाकडे बंगळुरूला गेलं, कोणी पुण्याला फ्लॅट घेऊन, कोणी देवाघरी. नवीन सही तीन वर्षांत एकही नाही.

मग टाळेबंदी आली. 3 मे 2020 ला, पहिल्या रविवारी, सुनेने मला झूम शिकवलं. मी ग्रुपवर लिंक टाकली तेव्हा आठ-नऊ जणांची अपेक्षा होती. आले 41. ग्वाल्हेर सोडून गेलेले सगळे तर होतेच, त्यांच्या ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे. इंदूर, बडोदा, न्यू जर्सी. गोव्याहून एक बाई होत्या, त्या बोरकरांच्या वेड्या. बोरकर तांब्यांना गुरू मानत, म्हणून गुरूच्या गावचे लोक बघायला आले, म्हणाल्या. फुकटातलं झूम 40 मिनिटांनी तुटतं. पहिल्यांदा घबराट झाली, नंतर आम्ही त्याचंच मध्यांतर केलं. इतक्या वर्षांत मला लांबलेलं बोलणं थांबवता आलं नव्हतं, ते कंपनीने करून दाखवलं.

संध्याकाळी साडेसहाची वेळ ठरली. न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे नऊ. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे जातात आणि आठ होतात. दर वर्षी कोणीतरी तासभर चुकतंच.

पडद्यावरची बैठक वाढत गेली. तिथे ज्ञान जास्त, हे मान्यच करायला हवं. अजमेरच्या कविता वेगळ्या काढून कोणी वाचल्या, कोणी वृत्तं सोडवून दाखवली. सतरंजीवर आम्ही नुसतं "वा!" म्हणत होतो. पण एक गोष्ट तिथे होत नव्हती: सगळ्यांनी मिळून म्हणणं. आवाज पुढेमागे पोचतो, 41 जण एकदम म्हणू लागले की गोंधळाचा बाजार. म्हणून एकाने गायचं, बाकीच्यांनी माईक बंद करून नुसते ओठ हलवायचे. आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं दिसायचं ते.

तिसऱ्या की चौथ्या बैठकीत आमच्या एक काकू आल्या. वय 88. जुन्या वाड्यात राहायच्या, जिना उतरवत नव्हता म्हणून 2016 पासून बैठकीला येणं बंद झालेलं. नातवाने फोन धरला होता, अर्धा वेळ काकूंचं कपाळच दिसत होतं. त्यांनी एक कविता म्हटली, जी सगळ्यांना रेकॉर्डवरून पाठ आहे. पण चाल वेगळीच. संथ, मधे एका जागी थांबणारी, ओवीसारखी वळणारी.

संपल्यावर एक सद्गृहस्थ फार नम्रपणे म्हणाले, "काकू, चाल जरा चुकली का?"

काकू म्हणाल्या, "चुकली नाही हो. ही आईची आहे. तुमची नंतर आली."

आणि मग दोन तास रण माजलं. चार वेळा झूम तुटलं, चार वेळा सगळे परत आले. रेकॉर्डची चाल इतकी सुंदर असताना घरगुती चालींचं कौतुक कशाला, असं एक मत. दुसरं मत आमच्या पेटीवाल्या अण्णांचं. त्यांचे वडील माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले, भातखंड्यांनी 1918 ला सुरू केलेल्या. ते म्हणाले, कवितेवर रागाचं नाव छापलंय ना, पुस्तक काढा, निकाल लागेल. पुस्तक काढलं. राग तिसराच निघाला! रेकॉर्डचाही नाही, काकूंचाही नाही. कोणालाच जिंकता आलं नाही, त्यामुळे भांडण मिटलं. माझ्या मते तांब्यांच्या कवितेची खरी कमाई हीच: कवी एक राग लिहून गेला, आईने दुसरा धरला, संगीतकाराने तिसरा, आणि कविता तिघांनाही पुरली.

त्या दिवसापासून बैठकीला काम मिळालं. ज्याच्या घरी आजी-मावशीच्या तोंडी रेकॉर्डच्या आधीची चाल असेल, त्याने ती फोनवर उतरवून पाठवायची. 17 चाली आल्या. इंदूरहून, देवासहून, झाशीहून. मी वहीत दोन रकाने वाढवले, 'कोणाकडून' आणि 'त्यांना कोणाकडून'. दुसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'आई' आहे.

काकूंच्या सहा चाली होत्या. नातवाने चार उतरवल्या. एप्रिल 2021 मध्ये काकू गेल्या. आम्हाला कोणालाच जाता आलं नाही. त्या रविवारी पडद्यावर 52 जण होते आणि कोणी गायलं नाही.

2023 ला तांब्यांची दीडशेवी जयंती. 27 ऑक्टोबर, शुक्रवार. पडद्यावरच्या मंडळींचं म्हणणं, कार्यक्रम ऑनलाइनच करू, जगभरातून लोक येतील, खर्च शून्य. हिशेबाने बरोबरच होतं. मी हिशेबाचाच माणूस, तरी नाही म्हटलं. ग्वाल्हेरात उरलेल्या आम्हा दहा-बारा जणांनी दार उघडलं नाही, तर हे गाव या कवितेत फक्त छापील ठिकाण म्हणून उरलं असतं. पण दिवस कठीण होते. विधानसभेची निवडणूक लागलेली, आचारसंहिता, भोंग्याला परवानगी काढा. दुसऱ्या दिवशी कोजागिरी, तीही चंद्रग्रहणाची, त्यामुळे दूध कधी आटवायचं यावर घरोघरी वेगळाच वाद. एका सभागृहाने आधी होकार देऊन ऐन वेळी नकार दिला. शेवटी एका वाड्याच्या चौकात मांडव न घालता बैठक केली, माईकशिवाय.

64 सह्या झाल्या. त्यातल्या 19 बाहेरगावच्या, ज्यांना मी तीन वर्षं चौकोनात बघत होतो. न्यू जर्सीचे गृहस्थ एवढे उंच असतील असं वाटलं नव्हतं. गोव्याच्या बाईंनी काजू आणले, आम्ही बेडई खाऊ घातली. आणि काकूंची चाल म्हटली ती शेजारच्या घरातल्या मुलीने. बी.ए.ला हिंदी, घरी हिंदी, मराठी आमच्याकडे येऊन जाऊन कानावर पडलेलं तेवढंच. तिने नातवाच्या फोनवरून ऐकून ऐकून बसवली होती. 'ळ' चा 'ल' होत होता. दुसऱ्या कडव्याला अण्णांनी पेटी थांबवली आणि सगळा चौक म्हणू लागला. काकूंची ती मधे थांबायची जागा आली तेव्हा 64 माणसं एकदम थांबली. झूमवर हे होत नाही, मंडळी. काकूंचा नातू फोन वर धरून उभा होता, यावेळी कपाळ कोणाचंच नव्हतं, सगळं नीट दिसत होतं.

चारच दिवसांनी युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून जाहीर केलं. गावभर तानसेनाचे फलक लागले. लागायलाच हवेत. तांब्यांचा एकही दिसला नाही. त्याबद्दल मी एक अर्ज लिहिला आहे, त्याचं पुढे काय झालं ते पुन्हा कधीतरी.

ती मुलगी आता बैठकीला येते, एका मैत्रिणीला घेऊन. वहीतल्या नवीन सह्या दोन. पडद्यावर साधारण 35 असतात, सतरंजीवर 11. पडद्यावरचे सतरंजीवर येत नाहीत आणि सतरंजीवरच्या तिघांना फोन नीट दिसत नाही, म्हणून बैठका दोन आणि वह्याही दोन.

यंदा 7 डिसेंबर रविवारीच आलाय, महिन्याचा पहिला रविवार. पुण्यतिथी आणि दोन्ही बैठका एकाच दिवशी. सकाळी दहाला वाड्यात, संध्याकाळी साडेसहाला पडद्यावर. न्यू जर्सीवाल्यांनो, तुमचे सकाळचे आठ, नऊ नव्हे. काकूंच्या ज्या दोन चाली उतरवायच्या राहिल्या, त्यातली एक झाशीच्या एका मावशींना येते असं कळलंय. त्या सकाळच्या गाडीने येणार आहेत. स्टेशनवर घ्यायला कोण जातंय, तेवढं सांगा.