विश्रांतीतले विभवांतर

आमच्या गुहागर तालुक्यातल्या घरामागे चिऱ्याच्या चार खांबांवर पाण्याची टाकी आहे आणि तिला टेकून पंधरा पायऱ्यांची लोखंडी शिडी. विहिरीवरचा पंप सुरू करावा, अर्ध्या तासाने शिडी चढून टाकीचे झाकण उचलावे, पाणी कुठवर आले ते पाहावे आणि उतरून पंप बंद करावा, हा माझ्या वडिलांचा, अण्णांचा, तीस वर्षांचा नेम. २०२२च्या पावसाळ्यात खालून तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय घसरला. मुक्या मारावर निभावले. परंतु अण्णांचे वय तेव्हा एकोणऐंशी होते आणि मी पुण्यात होतो.

टाकीपासून माजघरापर्यंत तार ओढणे हा सरळ उपाय पूर्वी करून झाला होता. मृगातल्या एका विजेने तो तारेसकट जाळून टाकला. तेव्हा आता बिनतारी यंत्र करायचे ठरले. टाकीत दोन फ्लोट स्विच, खांबावरच्या डबीत ईएसपी ८२६६ नावाची टपाल तिकिटाहून फारशी मोठी नसलेली पट्टी, आणि माजघरात एक दिवा. पट्टीने दर अर्ध्या तासाने जागे व्हावे, घरच्या वायफायवरून पाण्याचा निरोप धाडावा आणि पुन्हा झोपी जावे. दिवा हिरवा म्हणजे पाणी आहे, तांबडा म्हणजे पंप लावा. दिवा विझलेला असेल तर यंत्र मुके झाले असे समजावे.

यंत्र नवव्या दिवशी मुके झाले.

ते कोडे सोपे होते. पट्टी स्वतः झोपेत जेमतेम वीस मायक्रोअँपियर घेते. पण मी ती तयार बोर्डावर बसलेली घेतली होती, आणि त्या बोर्डावरचा विभवांतर नियंत्रक व इतर मंडळी झोपेचे सोंग घेऊन दहा मिलिअँपियर खात होती. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलमध्ये दोन हजार मिलिअँपियर-तास उरले होते असे धरले, तर दोनशे तास, म्हणजे आठ दिवस आणि काही घटका. हिशेब चोख होता, मीच तो आधी मांडला नव्हता. नुसती पट्टी घेतली, दोन मायक्रोअँपियरवर भागणारा नियंत्रक लावला आणि निश्चिंत झालो.

खरा छळ पुढे होता. यंत्र तीन आठवडे चालले आणि मग लहरी झाले. कधी बोले, कधी दिवसभर गप्प. मी दूरध्वनीवरून सांगायचो, अण्णा मीटर लावायचे आणि आकडा वाचायचे: तीन पूर्णांक साठ. तीन पूर्णांक साठ म्हणजे सेल काही मेलेला नव्हे. लिथियम-आयन सेल भरला की ४.२ व्होल्ट, उतरत उतरत ३ पर्यंत आला की रिकामा. तरी मी सेललाच दोष दिला. दोन महिन्यांत तीन सेल बदलले.

येथे भाषेबद्दल थोडे. आमच्या लहानपणी ‘बॅटरी’ म्हणजे हातात धरून मारायची ती. तिच्यात घालायचा तो ‘सेल’. शाळेच्या पुस्तकात त्याचा ‘कोरडा विद्युत घट’ होई आणि कोशात बॅटरीची ‘विजेरी’. परंतु घरात शब्द एवढेच होते: सेल ‘बसला’ किंवा सेल ‘उतरला’. बसलेला सेल उन्हात ठेवला की रेडिओ आणखी एखादी श्रुतिका ऐकवी. जस्त-कार्बनच्या त्या सेलांना उबेने खरोखरच थोडी हुशारी येत असे, त्यामुळे ही नुसती अंधश्रद्धा नव्हती. मात्र हेच शहाणपण एके दिवशी माझ्या अंगावर आले. व्हिडिओवर बोलताना अण्णांच्या मागे पडवीच्या पत्र्यावर, भर वैशाखात, निळ्या वेष्टनातला सेल चमकताना दिसला. “जरा तापवतोय. तुझा बसला होता ना!” लिथियमचा असा पाहुणचार करू नये. पंचेचाळीस अंशांपलीकडे तो साधारणतः भारितही करू नये म्हणतात. तापलेल्या पत्र्यावर त्याचे आयुष्य झपाट्याने सरते, आणि आधीच दुखावलेला असेल तर तो पेट घेऊ शकतो. लॅपटॉपमधून उचकटलेला सेल दुखावलेला नाही, याची हमी मी कशी देणार? अण्णांनी तो चिमट्याने उचलून सावलीत वाळूच्या घमेल्यात ठेवला, तेव्हा माझा श्वास खाली बसला.

पुढच्या आठवड्यात मी स्वतः गेलो. मीटरने पुन्हा तेच सांगितले: ३.६०. तेव्हा कुठे ध्यानात आले, की आम्ही दोन महिने एका झोपलेल्या माणसाची प्रकृती विचारत होतो. मीटर सेलकडून जवळजवळ काहीच मागत नाही. त्यामुळे त्याला दिसते ते विश्रांतीतले विभवांतर. पट्टी मात्र निरोप धाडताना काही क्षण तीनशे मिलिअँपियर आणि त्याहूनही अधिक मागते. त्या क्षणी विभवांतर कोसळते, पट्टी भोवळ येऊन पुन्हा पहिल्यापासून जागी होते, पुन्हा बोलू पाहते, पुन्हा कोसळते. हे सारे मिलिसेकंदांत घडते, आणि सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलणाऱ्या मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

उपाय साधा आहे. डबीच्या तारांना दहा ओहमचा जाड रोध जोडला, म्हणजे सेलला काम दिले, आणि मग मोजले. तारांच्या टोकांशी ३.१३. जवळपास अर्धा व्होल्ट गायब! तोच रोध तसाच ठेवून मीटरच्या सुया थेट सेलच्या दोन टोकांना टेकवल्या. ३.५३. सेल ठणठणीत होता. उरलेले ०.४ व्होल्ट वाटेत, सेल ज्या डबीत बसवला होता तिच्या स्प्रिंगमध्ये हरवत होते. खाऱ्या वाऱ्याने स्प्रिंगवर हिरवट-तपकिरी पुटे चढली होती. तीन निरपराध सेल मी बाद केले होते. प्रत्येक नव्या सेलबरोबर यंत्र काही दिवस चाले, कारण सेल बदलताना स्प्रिंग थोडी घासली जाई. आणि त्यामुळे माझा संशय आणखी पक्का होई.

आता तेथे स्प्रिंग नाही. कारखान्यातच निकेलची पट्टी जोडलेला लिथियम लोह फॉस्फेटचा सेल घेतला, तारा त्या पट्टीला डाखल्या आणि जोडावर मेण ओतले. हा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास राहतो, त्यामुळे मधला नियंत्रकही गेला. पट्टीच्या पायांशी एक हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवला, क्षणाची मागणी तो भागवतो. उन्हाच्या बाबतीतही हा प्रकार अधिक सोशिक. त्याचा चार्जर मात्र वेगळा, जुना ४.२ व्होल्टवाला लावू नये, असे अण्णांच्या वहीत तांबड्या शाईने लिहून आलो. ही जात जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून १९९०च्या दशकात आली आणि २०१९ साली त्यांना नोबेल मिळाले तेव्हा ते सत्त्याण्णव वर्षांचे होते, हे मी कौतुकाने सांगितले. “मग मला शिडी का नको?” अण्णा म्हणाले.

या सेलची एक खोड आहे. तो जवळजवळ रिकामा होईपर्यंत तोच आकडा दाखवतो, ३.२, ३.२, ३.२, आणि मग एकाएकी काही नाही. तेव्हा पाण्याच्या निरोपाबरोबर पट्टीने स्वतःचे विभवांतरही कळवावे अशी सोय केली, तेही निरोप धाडत असतानाचे. शिवाय कालनिर्णयवर चार्जिंगच्या तारखेला फुली.

गेल्या दिवाळीत अण्णांच्या चपला शिडीच्या पायथ्याशी दिसल्या. अण्णा वर, झाकण उचलून आत पाहत होते. माजघरातला दिवा हिरवा होता.

“अहो अण्णा, यंत्र बंद आहे का?”

“छे, उत्तम चाललंय. रोज ताडून बघतो ना मी. अजून एकदाही चुकलं नाही.”

पुण्याला परतण्यापूर्वी मी शिडीला दोन्ही बाजूंनी कठडा लावून घेतला आणि वरच्या चार पायऱ्या बदलल्या.